पॅट्रिक गेडिस

सर पॅट्रिक गेडिस (जन्म : २ ऑक्टोबर, इ.स. १८५४, मृत्यू : १७ एप्रिल, इ.स. १९३२) हे स्कॉटलंडमधील जीवशास्त्रज्ञ, समाजशास्त्रज्ञ, शिक्षणतज्ज्ञ आणि नगररचनाकार होते. शहराचा आराखडा कचेरीतील मेजावर न आखता आधी त्या शहराच्या गल्लीबोळांतून पायी हिंडावे, तेथील रहिवाशांचे जगणे समजून घ्यावे आणि सुधारणेच्या कामात त्यांना सहभागी करून घ्यावे, हा विचार आधुनिक नगररचनाशास्त्रात रुजविण्याचे श्रेय प्रामुख्याने त्यांना दिले जाते. इ.स. १९१४ ते १९२४ या काळातील त्यांची बरीच वर्षे भारतात गेली. मुंबई विद्यापीठातील समाजशास्त्र विभागाचे ते पहिले प्राध्यापक होत. मराठी लेखनात त्यांच्या आडनावाची गेडेस, गेडीस अशी रूपेही आढळतात.

बालपण आणि शिक्षण

गेडिस यांचा जन्म स्कॉटलंडमधील ॲबर्डीनशायर परगण्यातील बॅलेटर या गावी झाला. वडील ॲलेक्झांडर हे सैन्यात होते. पॅट्रिक लहान असतानाच कुटुंब पर्थ या शहराजवळ एका टेकडीवरील घरात राहावयास गेले. घराभोवती बाग होती आणि खाली टे नदीच्या काठी वसलेले पर्थ शहर संपूर्ण दिसे. वडिलांबरोबर बागेत काम करणे आणि टेकडीवर भटकणे यातच मुलाचे खरे शिक्षण झाले. उंचावरून सबंध गाव एका नजरेत पाहण्याची जी सवय त्यांना लहानपणी लागली, ती पुढे त्यांच्या साऱ्या विचारपद्धतीत उतरली.

पर्थ येथील शालेय शिक्षण संपल्यावर वडिलांच्या इच्छेखातर त्यांनी काही काळ बँकेत नोकरी केली. नंतर वनस्पतिशास्त्र शिकण्यासाठी ते एडिंबरा विद्यापीठात दाखल झाले. पण तेथील अध्यापन रुक्ष वाटल्याने आठवड्याभरातच त्यांनी विद्यापीठ सोडले. लंडनला जाऊन थॉमस हेन्री हक्सले या विख्यात जीवशास्त्रज्ञांच्या हाताखाली त्यांनी काही वर्षे अभ्यास केला. पदवी मात्र त्यांनी कधीच घेतली नाही. पुढे दोन विद्यापीठांत प्राध्यापक म्हणून काम केलेल्या या माणसाच्या नावापुढे परीक्षा देऊन मिळविलेली एकही पदवी नव्हती, ही गोष्ट आजच्या विद्यार्थ्यांना नवलाची वाटेल.

इ.स. १८७८ मध्ये ते फ्रान्सला गेले. तेथे समुद्री जीवांचा अभ्यास करीत असताना फ्रेदेरिक ल प्ले या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाच्या विचारांशी त्यांचा परिचय झाला. कोणत्याही समाजाचा अभ्यास स्थळ, श्रम आणि कुटुंब या तीन अंगांनी करावा, असे ल प्ले यांचे प्रतिपादन होते. गेडिस यांनी त्यातील कुटुंबाऐवजी लोकसमूह घेतला आणि स्थळ, श्रम व लोक हे त्रिक आयुष्यभर वापरले. माणूस जेथे राहतो, जे काम करतो आणि ज्यांच्यासोबत राहतो या तीन गोष्टी एकमेकींपासून तोडून कोणत्याही वस्तीचा विचार करता येत नाही, असे त्यांचे मत होते.

मेक्सिकोतील अंधत्व

इ.स. १८७९ मध्ये वैज्ञानिक नमुने गोळा करण्यासाठी गेडिस मेक्सिकोला गेले. तेथे त्यांच्या डोळ्यांना गंभीर विकार जडला. डोळ्यांवर पट्टी बांधून अंधाऱ्या खोलीत पडून राहण्याची पाळी आली. दृष्टी कायमची जाते की काय, या धास्तीत दिवस काढत असताना खिडकीच्या तावदानांवरून हात फिरविता फिरविता, त्या चौकटींच्या रचनेवरून विचारांची मांडणी करण्याची एक युक्ती त्यांना सुचली. कागदाच्या घड्या घालून झालेल्या चौकोनांत एकेक कल्पना मांडावयाची आणि शेजारच्या चौकोनाशी तिचा संबंध शोधावयाचा, अशी ती पद्धत होती. या घड्यांना ते विचारयंत्रे म्हणत. दृष्टी परत आली. परंतु सूक्ष्मदर्शकावर दीर्घकाळ काम करणे त्यांना पुढे अशक्य झाले. प्रयोगशाळेतील जीवशास्त्रज्ञाचा मार्ग असा अडला आणि त्यांचे लक्ष जिवंत समाजाकडे वळले.

एडिंबरा : जेम्स कोर्टमधील घर

इ.स. १८८० पासून गेडिस एडिंबरा विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवू लागले. इ.स. १८८६ मध्ये लिव्हरपूल येथील व्यापाऱ्याची कन्या ॲना मॉर्टन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ॲना यांना संगीताचे उत्तम शिक्षण मिळाले होते आणि समाजकार्याची ओढ होती.

त्या काळी एडिंबरा शहराचे दोन भाग एकमेकांना पाठ करून उभे होते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सुस्थितीतील लोक उत्तरेकडील नव्या, आखीव शहरात राहावयास गेले आणि किल्ल्याच्या उतारावरील जुन्या शहराच्या उंच, दाटीवाटीच्या इमारतींत गरीब कुटुंबे कोंबली गेली. एकेका खोलीत एकेक संसार, पाण्याची टंचाई, अरुंद बोळांत साचलेली घाण आणि रोगराई अशी तेथील अवस्था होती. नगरपालिकेचा ठरलेला उपाय म्हणजे असे भाग पाडून टाकणे हा होता. पाडलेल्या घरांतील माणसे शेजारच्या वस्तीत शिरत आणि तेथील दाटी वाढे.

विवाहानंतर थोड्याच दिवसांत गेडिस दांपत्याने नव्या शहरातील सोयीचे घर सोडले आणि जुन्या शहरातील जेम्स कोर्ट या चाळवजा इमारतीत बिऱ्हाड केले. एके काळी तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम याच आवारात राहत असत. पण गेडिस तेथे आले तेव्हा ते वैभव केव्हाच लयास गेले होते. नवदांपत्याने उपदेश न करता थेट कामाला हात घातला. आपल्या खोल्या स्वच्छ केल्या, भिंतींना रंग दिला, खिडक्यांत फुलझाडांच्या पेट्या ठेवल्या. मग सामाईक जिने आणि अंगण झाडण्याचे काम निघाले. शेजारी आधी पाहत राहिले, नंतर एकेक करून हाताखाली येऊ लागले. भिंतींना चुना लागला, पडीक तुकड्यांतील कचरा उपसून तेथे छोट्या बागा झाल्या. ॲना शेजारच्या स्त्रियांत मिसळल्या. त्यांच्या या मिसळण्यावाचून हे काम उभे राहिले नसते, ही गोष्ट गेडिस यांच्यावरील लेखनात पुष्कळदा एका ओळीत उरकली जाते. ते न्याय्य नाही.

याच सुमारास स्थापन झालेल्या एडिंबरा सोशल युनियन या संस्थेमार्फत जुन्या इमारतींची दुरुस्ती आणि व्यवस्थापन सुरू झाले. इ.स. १८८७ मध्ये गेडिस यांनी जुन्या शहरातच विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले व त्याचा कारभार विद्यार्थ्यांच्याच हाती सोपविला. ब्रिटनमधील हे पहिले स्वयंशासित विद्यार्थी वसतिगृह समजले जाते. किल्ल्यालगत रॅम्से गार्डन ही निवासी वास्तू त्यांच्या प्रेरणेने उभी राहिली. प्राध्यापक व कारागीर, विद्यार्थी व मजूर एकाच वस्तीत शेजारी म्हणून राहावेत, असा त्यांचा हेतू होता. या व्यवहारांत त्यांच्यावर कर्जाचा डोंगर झाला. शेवटी मित्रांनी इ.स. १८९६ मध्ये एक मंडळी स्थापन करून मालमत्तांचा भार आपल्याकडे घेतला.

पुढे त्यांची कन्या नोरा हिने जुन्या शहरातील वापराविना पडलेल्या मोकळ्या तुकड्यांच्या पाहणीत व त्यांतून बागा तयार करण्याच्या कामात पुढाकार घेतला. बागेची लागवड आणि निगा यांत वस्तीतील मुलांनाच सामील करून घेतले जाई.

अवलोकन मनोरा

इ.स. १८९२ मध्ये गेडिस यांनी किल्ल्याजवळील एक जुनी वेधशाळा घेतली आणि तिचे रूपांतर एका आगळ्या संग्रहालयात केले. या वास्तूला आउटलुक टॉवर म्हणतात. येणाऱ्या माणसाला आधी पायऱ्या चढून थेट वरच्या मजल्यावर न्यावयाचे, अशी रीत होती. तेथील अंधाऱ्या खोलीत आरसा व भिंग यांच्या साहाय्याने बाहेरच्या शहराचे हलतेचालते चित्र एका पांढऱ्या मेजावर उमटे. आपलाच रस्ता, आपलीच घरे, चालणारी माणसे प्रेक्षकाला नव्याने दिसत. त्यानंतर गच्चीवरून प्रत्यक्ष शहर पाहून तो खाली उतरू लागे. पहिला मजला एडिंबरा शहराचा, त्याखालचा स्कॉटलंडचा, मग इंग्रजीभाषक देशांचा, युरोपचा आणि तळमजला जगाचा. आधी आपली वस्ती, मग जग, हा क्रम त्यात मुद्दाम ठेवलेला होता.

नागरिकांना आपल्या गावाची माहिती नसेल तर गावाच्या कारभारात ते मत तरी कशाच्या आधारावर देणार, असा गेडिस यांचा प्रश्न असे. म्हणून आराखड्याच्या आधी पाहणी, हे सूत्र त्यांनी मांडले. ही पाहणी केवळ मोजणीदारांनी करावयाची नव्हती. शाळेतील मुले, शिक्षक, कारागीर, गृहिणी यांनी आपापल्या भागाचा इतिहास, व्यवसाय, पाणी, झाडे, घरे यांची नोंद करावी आणि ती गावातच प्रदर्शित करावी, अशी त्यांची अपेक्षा होती.

प्राध्यापकपद, ग्रंथलेखन आणि डनफर्मलिनचा अनुभव

इ.स. १८८८ ते १९१९ या काळात गेडिस डंडी येथील युनिव्हर्सिटी कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. उन्हाळी सत्रापुरतेच अध्यापन करण्याची सवलत असल्याने उरलेले वर्ष त्यांना इतर कामांसाठी मोकळे मिळे. जे. आर्थर टॉमसन यांच्यासमवेत लिहिलेला लिंगभेदाच्या उत्क्रांतीवरील त्यांचा ग्रंथ इ.स. १८८९ मध्ये प्रसिद्ध झाला.

इ.स. १९०० मध्ये पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने त्यांचा भगिनी निवेदिता व जगदीशचंद्र बसू यांच्याशी निकटचा संबंध आला. भारताविषयीचे त्यांचे कुतूहल या परिचयाने वाढले. पुढे त्यांनी लिहिलेले बसूंचे चरित्र इ.स. १९२० मध्ये प्रकाशित झाले.

इ.स. १९०३ मध्ये ॲण्ड्र्यू कार्नेगी यांच्या देणगीतून स्थापन झालेल्या विश्वस्त मंडळाने डनफर्मलिन येथील उद्यानाचा आराखडा त्यांच्याकडून मागविला. गेडिस यांनी उद्यानापुरते न थांबता सबंध गावाच्या सांस्कृतिक पुनरुज्जीवनाची योजना जाडजूड अहवालाच्या रूपाने सादर केली. विश्वस्तांनी ती स्वीकारली नाही. मागितले त्याहून पुष्कळ अधिक देण्याची ही सवय त्यांना पुढेही अनेकदा नडली.

इ.स. १९१५ मध्ये शहरांच्या उत्क्रांतीवरील त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ निघाला. वाढत वाढत एकमेकांत मिसळणाऱ्या शहरांच्या समूहासाठी आज जगभर रूढ असलेला कोनर्बेशन हा शब्द त्यांनीच या ग्रंथात योजला.

भारतात आगमन

शहरांविषयीचे नकाशे, चित्रे आणि आलेख यांचे एक फिरते प्रदर्शन गेडिस यांनी जमविले होते. इ.स. १९१३ मध्ये बेल्जियममधील घेंट येथे त्याचा गौरव झाला. मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून इ.स. १९१४ मध्ये ते प्रदर्शन घेऊन भारताकडे निघाले. ते स्वतः एका जहाजाने आले आणि प्रदर्शनाचे सामान क्लॅन ग्रँट या दुसऱ्या जहाजावर होते. पहिले महायुद्ध पेटले होते. एम्डेन या जर्मन युद्धनौकेने क्लॅन ग्रँट बुडविले आणि अनेक वर्षांचा संग्रह समुद्रतळाशी गेला. इंग्लंड-स्कॉटलंडमधील मित्रांनी धावपळ करून नवे साहित्य जमवून पाठविले व इ.स. १९१५ च्या प्रारंभी मद्रास येथे प्रदर्शन भरले.

मद्रास व मुंबई इलाखे आणि अनेक संस्थाने यांच्यासाठी गेडिस यांनी पुढील काही वर्षांत नगररचनेचे अहवाल लिहिले. तंजावर, मदुरा, अहमदाबाद, सुरत, बडोदे, लखनौ, लाहोर, ढाका, कपूरथळा, बलरामपूर, इंदूर ही त्यांतील काही नावे. मुंबई इलाख्यात इ.स. १९१५ मध्येच नगररचनेचा कायदा संमत झाला होता, त्यामुळे त्यांच्या तेथील कामाला तात्कालिक महत्त्वही होते.

संरक्षक शस्त्रक्रिया

त्या काळी म्युनिसिपालिटीचे अभियंते दाट वस्तीवर एकच इलाज जाणत. नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेघ ओढावयाची आणि तिच्या आड येतील ती घरे पाडून रुंद रस्ता काढावयाचा. प्लेगच्या साथीनंतर या पद्धतीला आरोग्याचे कारणही मिळाले होते. साथीच्या काळात सरकारी माणसे घरात शिरली म्हणजे काय होते, याचा पुणे-मुंबईच्या लोकांनी १८९७ च्या सुमारास घेतलेला कटू अनुभव मराठी वाचकांना परिचित आहे.

गेडिस यांनी याला पर्याय सुचविला, तो संरक्षक शस्त्रक्रियेचा. निदान आधी आणि उपचार नंतर, हे वैद्यकातील तत्त्व त्यांनी शहराला लावले. प्रत्येक गल्लीतून पायी हिंडून ते नकाशात घर न् घर पाहत. सरकारी नकाशात ज्यांना स्थान नसे, अशी झाडे, आड, देवळ्या, ओटे त्यांना महत्त्वाचे वाटत. वस्तीतील पडके, निर्जन घर कोणते, उकिरडा झालेला तुकडा कोणता, हे शोधून तेवढेच मोकळे करावयाचे. एक कोपरा किंचित छाटून बोळ रुंद करावयाचा. मोकळ्या झालेल्या जागेत झाड लावून पार बांधावयाचा. बाकीची घरे जागच्या जागी दुरुस्त करावयाची. तंजावर येथील एका भागासाठी त्यांनी मांडलेला अशा कामाचा खर्च सरळ रस्ता काढण्याच्या योजनेच्या सुमारे एक षष्ठांश होता. पैशापेक्षाही मोठी बचत म्हणजे कोणाला फारसे बेघर व्हावे लागत नव्हते. दाट वस्तीतून हुसकावलेला गरीब माणूस दुसऱ्या दाट वस्तीतच जातो, हा एडिंबरातील धडा ते विसरले नव्हते.

तळ्यांच्या बाबतीतही त्यांचा अधिकाऱ्यांशी मतभेद झाला. हिवतापाच्या भीतीने गावोगावची तळी बुजविण्याचा सपाटा चालला होता. तळे बुजविण्याऐवजी ते स्वच्छ राखावे, त्यात डासांच्या अळ्या खाणारे मासे आणि बदके सोडावीत, असे त्यांनी सुचविले. पाणी, हवेचा गारवा आणि लोकांची एकत्र येण्याची जागा या तिन्ही गोष्टी तळ्यामुळे टिकतात, असा त्यांचा युक्तिवाद होता. अहमदाबादचा जुना तट पाडण्यासही त्यांनी विरोध केला. याच काळात दिल्लीत एडविन लचन्स यांच्या हाताखाली भव्य, सरळ हमरस्त्यांची नवी राजधानी उभी राहत होती. नगररचनेचे हे दोन विचार एकाच देशात, एकाच सत्तेच्या छायेत समोरासमोर होते. आणि पैसा कोणाच्या पारड्यात पडला हे सांगावयास नको.

इंदूरची दिवाळी

इ.स. १९१७ हे वर्ष गेडिस यांच्यासाठी घोर संकटाचे ठरले. थोरला मुलगा ॲलस्डर, जो त्यांचा सर्वांत जवळचा सहकारी होता, एप्रिल महिन्यात फ्रान्समधील युद्धभूमीवर मारला गेला. त्या वेळी ॲना भारतातच आजारी होत्या. पत्नीला धक्का सोसवणार नाही म्हणून गेडिस यांनी ही वार्ता तिच्यापासून लपवून ठेवली. मुलाच्या मृत्यूविषयी काही न कळताच जून महिन्यात ॲना यांचे निधन झाले.

त्याच वर्षाच्या उत्तरार्धात ते होळकर दरबाराच्या कामासाठी इंदूरला आले. शहरात प्लेगची भीती होती. हातात नकाशा घेऊन घराघरांकडे निरखून पाहत हिंडणारा हा दाढीवाला गोरा म्हातारा घरे पाडण्यासाठीच आला आहे, असा लोकांचा समज झाला आणि त्यांना पाहून माणसे दूर सरू लागली. ज्यांच्यासाठी काम करावयाचे तेच घाबरत असतील तर आराखडा व्यर्थ होय, हे ओळखून गेडिस यांनी दरबाराकडे एक विलक्षण मागणी केली. दिवाळीपुरता एक दिवस आपल्याला महाराजांचा अधिकार द्यावा, अशी ती मागणी होती. ती मान्य झाली.

मग शहरात दवंडी फिरली. दिवाळीत मोठी मिरवणूक निघणार होती. पण ती हिंदूंच्या परंपरागत मार्गाने जाणार नव्हती आणि मुसलमानांच्याही नाही. ज्या रस्त्यावरील रहिवासी आपली घरे व गल्ली सर्वांत स्वच्छ करतील, दुरुस्ती करून रंगवतील, त्या रस्त्याने ती जाणार होती. दिवाळीपूर्वी घर झाडून, भिंतींना रंगसफेदी करण्याची चाल आपल्याकडे होतीच. गेडिस यांनी ती उंबरठ्याबाहेर गल्लीपर्यंत आणली, एवढेच. मिरवणूक आपल्या दारावरून जावी म्हणून गल्लीगल्लीत चढाओढ लागली. घराघरांतून आणि बोळांतून वर्षानुवर्षांचा कचरा गाड्या भरभरून बाहेर निघाला आणि उंदीर पकडण्याची मोहीमही चालली.

मिरवणुकीत हत्ती, घोडे आणि वाद्ये होतीच. त्यामागून दशमुखी रावण, प्लेगचा प्रतिनिधी म्हणून प्रचंड उंदीर आणि हिवतापाचा डास यांच्या प्रतिमा आल्या. नंतर शहर झाडणाऱ्या सफाई कामगारांचा ताफा आला. त्यांचे पोशाख स्वच्छ पांढरे होते, कचऱ्याच्या गाड्यांना नवा रंग दिलेला होता आणि पोळ्याला सजवावेत तसे बैल सजविलेले होते. शहराचे रूप दाखविणारी देवी, नव्या घरांचे नमुने, फळाफुलांच्या गाड्या यांची रांग त्यामागे होती. तुळशीची रोपे वाटण्यात आली. शेवटी उंदीर व डास यांच्या प्रतिमांचे रावणाबरोबर दहन झाले. त्यानंतर गेडिस गल्लीत दिसले की लोक दूर न सरता त्यांना आपले घर दाखवावयास बोलावू लागले.

या प्रसंगाची हकीकत मुख्यतः गेडिस यांनी स्वतः सांगितलेल्या आठवणींवरून पुढे आली आहे, त्यामुळे तिच्यात थोडा रंग भरलेला असणे संभवनीय आहे. साथ ओसरण्यास ऋतुमानही कारण असावे, हे खुद्द गेडिसही जाणून होते. तथापि इंदूरविषयीचा इ.स. १९१८ मधील त्यांचा दोन खंडांचा अहवाल पाहिला असता, लोकांचा विश्वास हे नगररचनेचे पहिले साधन होय, ही त्यांची खात्री पानोपानी दिसते. मैलापाण्यासाठी खर्चिक गटारांचे जाळे टाकण्याआधी त्याचा उपयोग बागांसाठी कसा करता येईल, याचाही विचार त्यांनी त्यात केला आहे.

मुंबई विद्यापीठ

इ.स. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्र यांचा स्वतंत्र विभाग सुरू झाला आणि त्याचे पहिले प्राध्यापक म्हणून गेडिस यांची नेमणूक झाली. समाजशास्त्राचे पुस्तक मुंबईच्या रस्त्यावर उघडे पडले आहे, ते आधी वाचावे, असा त्यांच्या शिकवणीचा रोख होता. व्याख्याते म्हणून मात्र ते सुगम नव्हते. एका विषयातून दुसऱ्यात उडी घेत, दाढीतल्या दाढीत पुटपुटल्यासारखे ते बोलत आणि मागच्या बाकांवर पुष्कळदा काहीच ऐकू जात नसे. समोरासमोरच्या संवादात हेच गेडिस श्रोत्याला भारून टाकीत.

त्यांनी पारखलेल्या विद्यार्थ्यांत मूळचे मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये हे सर्वांत प्रसिद्ध होत. संस्कृतचे विद्यार्थी असलेल्या घुर्ये यांना समाजशास्त्राच्या उच्च शिक्षणासाठी इंग्लंडला पाठविण्यात गेडिस यांच्या शिफारशीचा वाटा होता. इ.स. १९२४ मध्ये घुर्ये विभागप्रमुख झाले व भारतीय समाजशास्त्राचा पाया घालणाऱ्यांत गणले गेले. घुर्ये यांच्या काळात विभागाचा भर जात, कुटुंब, संस्कृती यांच्या अभ्यासावर राहिला. नागरिकशास्त्राची गेडिसप्रणीत बाजू तुलनेने मागे पडली.

भारतातील वास्तव्यात रवींद्रनाथ टागोर यांच्याशीही गेडिस यांचा स्नेह जडला. त्यांचा धाकटा मुलगा आर्थर याने टागोरांच्या श्रीनिकेतन येथील ग्रामपुनर्रचनेच्या कार्यात काही काळ भाग घेतला.

अखेरची वर्षे

प्रकृती ढासळल्यामुळे इ.स. १९२४ मध्ये गेडिस भारत सोडून दक्षिण फ्रान्समधील मोंपेलिए येथे राहावयास गेले. तेथे त्यांनी विविध देशांच्या विद्यार्थ्यांसाठी स्कॉट्स कॉलेज या नावाची निवासी संस्था उभारली. इ.स. १९२५ मध्ये तेल अवीव शहराचा आराखडा त्यांनी तयार केला. मोठ्या रस्त्यांनी वेढलेले घरांचे गट आणि प्रत्येक गटाच्या मध्यभागी रहिवाशांची सामाईक बाग, अशी त्याची रचना होती. त्यांच्या आराखड्यांपैकी मोठ्या प्रमाणावर प्रत्यक्षात आलेला हा विरळा आराखडा होय. इ.स. १९२८ मध्ये त्यांनी दुसरा विवाह केला. पूर्वी एकदा नाकारलेला सर हा किताब त्यांनी इ.स. १९३२ मध्ये स्वीकारला. त्याच वर्षी १७ एप्रिल रोजी मोंपेलिए येथे त्यांचे निधन झाले.

टीका

गेडिस यांच्या विचारांचा गौरव होत असला तरी त्यांच्यावरील आक्षेपही विचारात घेण्याजोगे आहेत. रॅम्से गार्डनमध्ये अखेर राहिले ते मुख्यतः प्राध्यापक आणि सुस्थितीतील लोक; जुन्या शहरातील मजुरांना ती घरे परवडणारी नव्हती. भारतातील त्यांचे अहवाल इंग्रजीत आणि सरकार वा संस्थानिक यांना उद्देशून लिहिलेले होते. ज्या गल्ल्यांविषयी ते होते, तेथील बहुसंख्य रहिवाशांना ते वाचता येण्याजोगे नव्हते आणि त्यावर मत देण्याचा अधिकारही नव्हता. अनेक अहवाल दप्तरात पडून राहिले.

इंदूरच्या प्रसंगातही हा पेच दिसतो. रहिवाशांच्या सहभागाचे हे गाजलेले उदाहरण एका दिवसाच्या राजसत्तेच्या बळावर घडले. मिरवणुकीत ज्यांना सन्मानाने चालविले, त्या सफाई कामगारांचे जिणे दुसऱ्या दिवसापासून काय बदलले, हा प्रश्न उरतोच. जातवार वसलेल्या आळ्या आणि पेठा यांच्याकडे गेडिस यांनी शेजारधर्माच्या दृष्टीने पाहिले. त्यांतील भिंती त्यांच्या नजरेस कमी पडल्या, असे म्हणावे लागते. त्यांच्या बाजूने इतके निश्चित सांगता येईल, की गरीब वस्ती म्हणजे केवळ पाडून टाकण्याची घाण, असे मानणाऱ्या काळात त्यांनी त्या वस्तीतील माणसांच्या शहाणपणावर विश्वास ठेवला, आणि एडिंबरात तर स्वतः तेथे राहून दाखविले.

प्रभाव

अमेरिकन विचारवंत लुईस ममफर्ड हे गेडिस यांना गुरुस्थानी मानीत. त्यांनी आपल्या मुलाचे नावही गेडिस ठेवले होते. गेडिस यांच्या भारतविषयक अहवालांतील निवडक भाग जॅकलिन टिरविट यांनी संपादित करून इ.स. १९४७ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा तोपर्यंत दुर्मीळ असलेले हे लेखन नव्या पिढीच्या नगररचनाकारांपर्यंत पोहोचले. इ.स. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाख व त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्यांची तरतूद केली. या समित्यांचा उगम गेडिस यांच्यापाशी शोधणे अतिशयोक्तीचे ठरेल. मात्र वस्तीच्या कारभारात वस्तीतील माणसाचे स्थान कोणते, या विषयाचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला त्यांचे अहवाल आजही उपयोगी पडतात.

एडिंबरातील अवलोकन मनोरा आज पर्यटकांचे आकर्षण असून वरच्या खोलीतील मेजावर शहराचे चित्र अजूनही पाहता येते. मुंबई विद्यापीठातील समाजशास्त्र विभागाला इ.स. २०१९ मध्ये शंभर वर्षे पूर्ण झाली.